नोंद आढळून येत नाही

मंगल आज सकाळी येऊन गेली. वेचणी सुरू झाली की दरवर्षी एकदा ती येतेच. साखरखेर्ड्याहून चिखलीला बाजाराला येते, तेलमीठ घेते आणि परतताना आमच्या ओट्यावर एक कापडी पिशवी ठेवून जाते. पिशवीत देवकापूस असतो. तिच्या अंगणात न्हाणीच्या पाण्यावर एक झाड वाढलंय, त्याचा. सरकी काढून, हाताने पिंजून आणते. वाळल्या पानाचा एक कण त्यात सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, वर्षभराच्या वाती त्या पिशवीतून होतात. रोज दिवेलागणीला ती देवघरात दोन निरांजनं लावते, त्यामुळे कापूसही बराच लागतो. बीटीचा कापूस तिला वातीला चालत नाही. "त्या कापसाले धीर नाई, भसकन जळून जाते," असं तिचं म्हणणं.

मंगल सुमनला काकू म्हणते. मला मात्र साहेबच म्हणते. निवृत्त ग्रामसेवकाला कोण साहेब म्हणतं आता? इतके दिवस मला वाटायचं, पोरगी मान ठेवून आहे.

ती आली की मी आतल्या खोलीत जाऊन बसतो. साठी ओलांडलेला माणूस, मिशा पांढऱ्या झालेला, पोरीच्या वयाच्या बाईला घाबरून पलंगावर बसतो आणि बाहेरच्या गोष्टी ऐकत राहतो. सोयाबीनला काय निघालं, कापसाचं काय म्हणता, लेक कितवीत गेली. मधेच सुमन मला हाक मारते आणि मी "हाव, आलो" म्हणून येत नाही.

खिडकीबाहेर रस्त्याने कापसाचे टेम्पो चाललेत. ताडपत्री फुगवून बाहेर आलेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राहतो आणि महिनाभर मेहकर रस्त्याच्या दोन्ही कडा पांढुरक्या दिसतात. लहानपणी आम्ही तो वेचून उशीत भरायचो. आता त्याच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघू नये असं ठरवतो, पण नजर जातेच आणि पाच वर्षांपूर्वीची ती वेचणी आठवते.

त्या वर्षी मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात सगळ्यांना वात आणला होता. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, रेशनचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये घातलं, सुमनच्या माहेरच्या लग्नपत्रिका वर्षवार लावल्या. ती म्हणाली, "तुमाले पंचायतीनं सोडलं पण तुमी पंचायतीले सोडून नाई राह्यले." आमची पल्लवी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीत ती जुना लॅपटॉप घेऊन आली, खिडकीजवळच्या टेबलावर मांडला आणि म्हणाली, "बाबा, हे करा. तुमच्यासाठीच आहे."

काम असं होतं. जगात ठिकठिकाणच्या जुन्या वह्यांचे फोटो काढून ठेवलेत. जन्माच्या, लग्नाच्या, मरणाच्या वह्या. फोटोतलं अक्षर ज्याला वाचता येईल त्याने एकेक नोंद वाचून नाव, तारीख, आईबाप रकान्यात टाइप करायचे. म्हणजे पुढे कोणाला आपला खापरपणजा शोधायचा झाला तर नाव टाकलं की पान समोर. जगभरचे रिकामे लोक हे घरबसल्या करतात. पैसे मिळत नाहीत.

"मग मी काऊन करू?" मी म्हणालो.

"कारण तुम्हाला कोणाचंही अक्षर लागतं," ती म्हणाली. "आणि बाबा, माझा फोन स्पीकरवर असला की जरा 'मला' म्हणत जा, 'मले' नाही. मैत्रिणी हसतात."

अक्षर लागतं हे मात्र खरं. आमच्याकडे जातीच्या दाखल्यासाठी लोक पणजोबांची नोंद शोधत जन्ममृत्यूची जुनी कोतवाल बुकं चाळत येतात. शाई उडालेली, पान कसरीने खाल्लेलं, अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते वाचायला मला शेजारच्या पाच गावांतून बोलावणं यायचं. मेक्सिकोच्या वह्यांना माणसं कमी आहेत असं पल्लवीने सांगितलं, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, दे मेक्सिको. स्पॅनिश येत नव्हती. पण लिपी रोमनच, आणि मरणाच्या नोंदीत शब्द असून असून किती असणार! शंभर पानी वही आणली आणि शब्द देवनागरीत उतरवून घेतले. इहा म्हणजे मुलगी. फिएब्रे म्हणजे ताप. विरुएला म्हणजे देवीचा रोग. पार्वुला म्हणजे न कळत्या वयात गेलेली मुलगी. विउदा म्हणजे विधवा, ते मला कोणी सांगावं लागलं नाही, बघताक्षणी कळलं.

त्या दोन महिन्यांसारखे गोड दिवस नोकरीत कधी गेले नाहीत. सकाळी आंघोळ, कपाळाला अष्टगंध, धुतलेला सदरा आणि टेबल. हिवाळ्याचं ऊन खिडकीतून वहीवर यायचं. समोरच्या वावरात बायका कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीतून वाकत वाकत जायच्या. त्यांचं बोलणं, हसणं, एखादीचं लेकराला ओरडणं कानावर पडायचं, आणि डोळ्यांपुढे मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या पाद्र्याचं तिरकं, लफ्फेदार अक्षर. दीडशे वर्षांपूर्वीचा तो पाद्री. त्याचा ट मी ओळखायला लागलो, त्याचा कंटाळा ओळखायला लागलो. महिनाअखेरीस त्याचं अक्षर आडवं व्हायचं. मला वाटायचं, बाबा, तुलाही वरून अहवाल मागत असतील.

त्याच्या वहीत सगळे होते. दोन दिवसांचं, नावसुद्धा न ठेवलेलं बाळ होतं. मारिया दोलोरेस, वय दोन, तापाने. ऐंशी वर्षांची म्हातारी, तीन नवऱ्यांच्या नावांसकट. आणि प्रत्येक लेकराच्या पुढे आईचं नाव, तेही तिच्या माहेरच्या आडनावासह. लग्न झालं म्हणून तिचं आडनाव पुसलेलं नाही. मी सुमनला कौतुकाने सांगितलं. ती वाती वळत होती. मांडीवर कापूस घासत म्हणाली, "माह्या मायचं माहेरचं आडनाव सांगा बरं." छत्तीस वर्षांच्या संसारात सासूचं माहेर कुठलं ते मला ठाऊक होतं, आडनाव नव्हतं. मी चष्मा पुसला आणि पुढची नोंद घेतली.

त्या कामात दोन बटणं होती. अक्षर लागलं नाही तर 'वाचता येत नाही' हे बटण. मूळ वहीतच जागा मोकळी सोडलेली असेल तर 'कोरं' हे दुसरं. दोन्हींची गल्लत करायची नाही, अशी सक्त सूचना. कोरं म्हणजे लिहिणाऱ्यानेच लिहिलं नाही. न लागणं म्हणजे त्याने लिहिलं, आपण कमी पडलो. मला ही शिस्त फार आवडली. एकदा माझ्याकडून चूक झाली. तो पाद्री सप्टेंबर लिहिताना सातचा आकडा टाकून पुढे दोन-तीन अक्षरं जोडायचा, त्यांचा तसा जुना रिवाज. मी सात पाहून जुलै समजलो. तिकडून तपासणाऱ्या कोणा बाईने नम्रपणे कळवलं. अरे देवा! माझ्या हातून चाळीस माणसं दोन महिने आधी मेली होती. मी जेवलो नाही. सुमन म्हणाली, "कोन्या काळचे मेलेले लोक, त्याईले काय फरक पडते?" मी तिच्यावर ओरडलो. "फरक पडते! मेलेल्याची तारीख चुकवणं म्हणजे काय खेळ हाय?" दोन दिवस बसून चाळीसच्या चाळीस नोंदी दुरुस्त केल्या.

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललो होतो. लिहिताना आज हात थांबतो.

मग व्हायचं तेच झालं. गोष्ट फुटली. आमच्या वाचनालयाने सत्कार ठेवला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. मी भाषण केलं. "जगाच्या पाठीवरच्या एकाही माणसाचं नाव मातीत जाऊ नये, एवढीच माझी भावना आहे." टाळ्या पडल्या. दुसऱ्या आठवड्यात पेपरात फोटोसकट छापून आलं, 'चिखलीच्या निवृत्त ग्रामसेवकाची सातासमुद्रापार सेवा'. ते कात्रण मी चौकटीत घालून बैठकीत लावलं. अजून तिथेच आहे. काढलं तर सुमन विचारेल काऊन काढलं, म्हणून काढलेलं नाही.

ते कात्रण हातात घेऊनच मंगल पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली. दुपारची वेळ होती. पायात धूळ, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. वेचणीची अर्धी पाळी टाकून आलेली. मी टेबलाशीच होतो.

"तुमी मेलेल्या लोकायचे नावं हुडकून देता म्हणे," ती म्हणाली.

मी हसलो. तिला समजावलं की ते परदेशातलं काम आहे. तिने ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. म्हणाली, "पन तुमी आमच्या गावचे बी साहेब होते न? मंग माह्या मायचं नाव पाहून द्या."

जानेफळच्या बाजूचं एक लहान गाव तिने सांगितलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. तिथे मी आठ वर्षं होतो. तिच्या आईचं नाव गोदावरी. मंगल सहा वर्षांची असताना वेचणीच्या दिवसांत तापाने गेली. बापाने वर्षाच्या आत दुसरी केली. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा आईच्या नावाच्या जागी दुसरीचं नाव लागलं. रेशनकार्डावर दुसरीचं. मंगलच्या लग्नाच्या पत्रिकेतही दुसरीचंच.

"आता बाप बी गेला," मंगल म्हणाली. "तेराव्याच्या दिवशी मी म्हतलं, माह्या मायच्या नावानं बी एक पान वाढा. तं ती दुसरी म्हने, कोन तुही माय? कोन्या कागदावर नाव हाय तिचं, दाखव बरं! सगळ्या भावकीसमोर म्हने. कागद तं नव्हताच माह्याजवळ. साहेब, मले वावर नाई पाह्यजे, घर नाई पाह्यजे. एक कागद पाह्यजे, ज्याच्यावर माही माय असन."

सुमन आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथेच उभी राहिली.

आणि मला आठवलं. एकदम, जसंच्या तसं.

माझी एक पद्धत होती. माझीच कशाला, तेव्हा बऱ्याच जणांची होती, पण दुसऱ्यांचं नाव घेऊन मला सुटायचं नाही. मेल्याची खबर आली की लगेच वहीत चढवायचं नाही. दाखला मागायला माणूस आला की चढवायचं. ज्याच्या नावावर सातबारा, त्याची पोरं आठ दिवसांत यायची, वारस लावायला मृत्यूचा दाखला लागायचा. पेन्शनवाल्याची बायको यायची. ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांचा दाखला कोण मागणार? बायकांच्या नावावर काही नसायचं. मग बायका राहून जायच्या. वर्षाच्या शेवटी वरून विचारणा झाली की आठवतील तेवढी नावं घालायची. आठवायची ती मोठ्या घरची.

त्यातून ती वर्षं अशी. बीटीचं बियाणं नवीन आलेलं. पाकिटांसाठी लोक पहाटेपासून रांगेत उभे, एकेका माणसाला दोनच पाकिटं म्हणून म्हाताऱ्यांनाही रांगेत उभं केलेलं. पहिल्या वर्षी बोंडं अशी लागली की झाडं वाकली आणि पोरांनी मोटारसायकली बघून ठेवल्या. मग पाऊस गेला. ज्या कापसाला अळीच लागणार नाही म्हणत होते, त्यावर पाठीला पंप लावून दिवसदिवस फवारे मारणं सुरू झालं. गावोगाव माणसं स्वतःच्या हाताने गेली. प्रत्येकाच्या मागे फाईल. साहेबलोकांच्या गाड्या यायच्या, पंचनामे, जबाब, सहा-सहा प्रती. मरण तेव्हा दोन तऱ्हेचं असायचं, मदतीला पात्र आणि अपात्र. मी त्या शब्दांनी बोलायला लागलो होतो. कोणी गेलं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असायचा, सातबारा आहे का?

तशा एका दुपारी मी पंचायतीत फाईल जुळवत बसलो होतो. आमचे शिपाई गफूरभाई दारात आले. गावातलं मरण त्यांना सगळ्यांत आधी कळायचं, कारण कोणाच्याही मयतीला लाकडं जमवायला तेच पुढे असायचे. म्हणाले, "साहेब, वरच्या आळीतली गोदावरी गेली. वेचता वेचता ताप भरला होता. तीन दिवसात गेली. लिहून घ्या."

मी मान वर केली नाही. "सातबारा हाय का तिच्या नावावर?"

"तिच्या नावावर कायचा सातबारा, साहेब?"

"मंग घाई काय हाय? दाखला मागाले येतीन तवा लिहू."

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा आठवण केली. मी म्हणालो, "गफूरभाई, इथं पात्र लोकायचे कागद पुरे होऊन नाई राह्यले, अन् तुमी..." वाक्य पुरं केलं नाही. ते गेले. दाखला मागायला कोणी आलं नाही. मी त्या वर्षीची वही बंद केली आणि खाली सही केली, 'यात एकूण इतक्या नोंदी असून त्या बरोबर आहेत'.

माझ्यावर कोणी दबाव आणला नव्हता. सरपंचाने काही सांगितलं नव्हतं, कोणाचा स्वार्थ नव्हता. दबाव असता तर आज मला कोणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं. मला फक्त एक ओळ लिहायचा कंटाळा आला होता.

आणि मंगल माझ्यासमोर उभी होती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "तुमच्या घरून कोणी कळवलं नसन. कळवल्याशिवाय नोंद होत नाई, बाई."

"माही आजी म्हने, गफूरमामानं सांगतलं होतं."

"म्हाताऱ्या मानसाले आठवते का नीट? कोणं सांगतलं, काय सांगतलं."

ती म्हणाली, "बरं." पंचायतीत जाऊन काय अर्ज द्यायचा ते मी तिला सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. सुंदर अक्षरात. ती पाणी प्यायली आणि गेली. त्या संध्याकाळी सुमनने दिवा लावायला जरा वेळ घेतला, एवढं मला आठवतं.

आठ दिवसांनी मंगल पंचायतीचा कागद घेऊन आली. 'सदर नावाची नोंद या कार्यालयाच्या दप्तरी आढळून येत नाही.' वाक्य माझ्याच काळच्या नमुन्यातलं. असे कागद मी शेकड्याने दिले असतील. तो मंगलच्या हातात बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे खोटं आहे. 'आढळत नाही' म्हणजे वहीनेच कुठे लपवून ठेवल्यासारखं. "आता पुढं काय, साहेब?" तिने विचारलं. मी म्हणालो, बघू.

दुसऱ्या दिवशी सवयीने टेबलाशी बसलो. पाद्र्याचं नवं पान उघडलं. आठ नोंदी बिनचूक उतरवल्या. नववी आली. नावाच्या जागी नाव नव्हतं. माझं बोट 'कोरं' या बटणाकडे गेलं. पण जागा कोरी नव्हती. तिथे चार-पाच शब्द होते. वहीत पाहिले, लागले नाहीत, पल्लवीला विचारले. तिने शोधून सांगितलं, "बाबा, त्याचा अर्थ, अनोळखी बाई, कापूस वेचायला आलेली."

पुढे वय होतं, अंदाजे. ताप होता. आणि दफन धर्मादाय केल्याचं लिहिलं होतं. एवढंच. तिच्या नावावर तिकडेही काही नसणार. दाखला मागायला दीडशे वर्षांत कोणी आलं नसणार. त्या पाद्र्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं, तरी त्याने एक ओळ लिहिली. मला गोदावरीचं नाव ठाऊक होतं. तिचं घर ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याच्या गायरानाच्या भानगडी ठाऊक होत्या, तिच्या अंगणातलं पाणी मी प्यायलो होतो.

समोरच्या वावरात बायका शेवटची वेचणी करत होत्या. मी ती नोंद उतरवली, लॅपटॉप मिटला आणि टेबलावर डोकं ठेवून रडलो. लाज वाटून रडलो, दुःखाने नाही. दोन्हींतला फरक कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

मग एसटीने त्या गावी गेलो. गफूरभाई घरापुढे बाजेवर बसले होते, एका डोळ्याला मोतीबिंदू. आवाजावरून ओळखलं. "या साहेब." मी विषय काढायच्या आधीच म्हणाले, "गोदावरीची पोरगी येऊन गेली."

"तुमी काय सांगतलं?"

"मी काय सांगू? तुमचं तुमी सांगा. मी दोनदा सांगतलं होतं, एवढं मले मालूम हाय." रागाचं एक अक्षर नाही. वरून नातीला हाक मारून म्हणाले, "साहेबायले चहा सांग, साखर कमी. ते कमी पेतात." अठरा वर्षांनी माझी साखर त्यांना आठवत होती.

पुढचं मी धावपळ करून केलं, हे खरं. साक्षीला गफूरभाई, शेजारची एक म्हातारी, आणि तेव्हाचा ग्रामसेवक म्हणून माझं प्रतिज्ञापत्र. मेहकरच्या कचेरीत बाहेरच्या टेबलावर बसून मी ते स्वतः लिहिलं. गोदावरी, वय अंदाजे सत्तावीस. बापाचं नाव. आईचं नाव, माहेरच्या आडनावासह, मंगलच्या मावशीकडून मुद्दाम विचारून आणलेलं. कागदाला तशी जागा नव्हती, मी केली. आणि मग ते वाक्य आलं, नोंद का झाली नाही. पेन टेकवलं. 'मला कळवूनही मी लिहिली नाही' असं मनात होतं. हाताने लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव नोंद घ्यावयाची राहून गेली.' तीस वर्षांची सवय. पेन्शनचीही भीती वाटली, खोटं का बोलू. मंगल शेजारीच उभी होती, तिने कागद वाचला, सातवी शिकलेली आहे.

उन्हाळ्यात दाखला आला. ती तो घेऊन आमच्याकडे आली आणि ओट्यावर बसून बराच वेळ बघत राहिली. आईच्या नावावरून बोट फिरवलं. मग बोट खाली आलं. मृत्यूचा दिनांक. त्याच्याखाली नोंदणीचा दिनांक.

"साहेब," तिने विचारलं, "ह्या दोन तारखाइच्या मधात माही माय कुठी होती?"

मी म्हणालो, "सरकारी कागदात असे घोळ राह्यतात, बाई."

ती हो म्हणाली आणि सुमनशी बोलायला आत गेली. खूप वेळ दोघी चुलीपाशी बसल्या होत्या.

त्या हिवाळ्यापासून देवकापसाची पिशवी सुरू झाली. दरवर्षी पिशवी आली की मला वाटे, ही माझे उपकार फेडतेय. मी तिच्या आईला अठरा वर्षं बुडवलं आणि ती मला आभाराचा कापूस देते! ही लाज मला वर्षभर पुरायची. मेक्सिकोचं काम मी पुन्हा हाती घेतलं नाही. शंभर पानी वहीची मागची पानं उघडून आमच्या त्या गावातल्या राहून गेलेल्या बायकांची नावं आठवेल तशी लिहायला घेतली. अकरा आठवली. चौघींच्या पुढे नुसतं घर लिहिलंय, नाव आठवत नाही. त्यांचा दाखला मागायला कोणी आलेलं नाही.

आज सकाळी मंगल आली तेव्हा मी उठून आत निघालो होतो. सुमन भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "माहे हात पिठाचे हाय. पिशवी तुमी घ्या." नेहमी ती हात धुऊन येते. आज आली नाही.

मी ओट्यावर गेलो. मंगलने पिशवी पुढे केली. मी हात पुढे केला नाही. म्हणालो, "मंगल, तुह्या मायची नोंद माह्या हातानं राह्यली. गफूरभाईनं मले दोनदा सांगतलं होतं. म्या लिहलं नाई. अन् तुले खोटं सांगतलं."

ती पिशवीचं तोंड नीट बांधत राहिली.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "गफूरमामानं तथीच, कचेरीच्या पायऱ्यावर सांगतलं. सही केल्यावर."

"पाच वर्सं झाले!"

"हाव. वाट पाहून राह्यलो होतो, तुमी कधी सांगता."

"मंग हा कापूस काऊन आणून राह्यली तू? माह्यासारख्यासाठी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता डोळ्यांत. असता तर बरं वाटलं असतं.

"तुमच्यासाठी कोन आणते, साहेब? काकू रोज माह्या मायच्या नावानं एक वात लावते. मायच्या अंगणातलं झाड होतं, त्याचं बी मी लावलं. तिच्या वातीले दुसरा कापूस नको, म्हणून आणतो."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मंगलने पिशवी माझ्या हातात दिली, बाजाराची थैली उचलली आणि बस गाठायला निघून गेली.

देवघरात दुसरं निरांजन कोणाचं, हे मी पाच वर्षांत सुमनला एकदाही विचारलं नव्हतं.